निस्तार आणि निवारा : वडसा भागांतील जुन्या घरांचा कागदोपत्रीं विचार

(१)

वैनगंगेच्या पूर्वतीरावरील वडसा, ज्यास सरकारदफ्तरीं देसाईगंज म्हणतात, हें गडचिरोली जिल्ह्याचें उत्तरेकडील द्वार होय. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून निराळा झाला. तत्पूर्वीं हा सारा मुलूख जुन्या चांदा जिल्ह्यांत मोडत असे. गोंदियाहून चांद्याकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळांत येथून गेला, आणि धान, लांकूड व वेळू यांची पेठ म्हणून गांव वाढलें. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें म्हणूनही त्याची प्रसिद्धि आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय पेठ अथवा रंगभूमि हा नसून, या भागांतील जुनें राहतें घर हा आहे.

‘पर्यावरणस्नेही घर’ असा एक शब्दप्रयोग अलीकडे सर्वतोमुखीं झाला आहे. असें घर कोणतें, या प्रश्नास बहुधा साहित्याची यादी देऊन उत्तर देण्यांत येतें : माती असावी, वेळू असावा, कौलें असावीं, सिमेंट व लोखंड शक्य तितकें कमी असावें. ही यादी खोटी नाहीं. पण ती अपुरी आहे असें आमचें मत आहे. घराची भिंत कशाची, हा अर्धा प्रश्न झाला. ती भिंत ज्या रानांतून आली त्या रानावर घरमालकाचा हक्क कोणता, आणि त्या हक्काबरोबर त्यावर बंधन कोणतें, हा उरलेला अर्धा प्रश्न होय. या दुसऱ्या अर्ध्याचें उत्तर भिंतींत सांपडत नाहीं. तें कागदांत सांपडतें. म्हणूनच हा विषय केवळ स्थापत्यज्ञांचा नसून आमच्या वाचकांचाही आहे.

(२)

प्रथम घर पाहूं. दगड-मुरुमाचें जोतें, त्यावर साग, येन किंवा बिजा यांचे खांब, खांबांच्या डोक्यावर मयाल, मयालावर आढें, आढ्यावरून दोहों बाजूंस उतरणाऱ्या बल्ल्या व त्यांवर वेळूची जाळी, आणि सर्वांवर कुंभारानें चाकावर घडविलेले अर्धगोल कवेलू, ही सामान्य रचना. भिंतींचे दोन प्रकार. एक, तणस घालून तुडविलेल्या मातीची, थरावर थर चढवीत नेलेली जाड भिंत. दुसरा, चिरलेल्या वेळूचा कूड विणून त्यास दोन्ही अंगांनीं माती व शेण यांचें लिंपण दिलेली पातळ भिंत. गरिबाच्या घरावर कवेलूंऐवजीं गवत असे. पुढें ओसरी, आंत माजघर, वर धान्य व जुनें सामान ठेवण्याचा माळा, मागें परसू व त्याला वेळूचें कुंपण.

या रचनेंत प्रत्येक वस्तूचें कारण आहे. नदीपलीकडील ब्रह्मपुरी येथील वेधशाळेंत मे महिन्यांत ४६ ते ४७ अंश सेल्सिअस उष्णतेची नोंद वारंवार होते, आणि देशांतील अतितप्त गांवांच्या यादींत तें नांव दरवर्षीं झळकतें. अशा हवेंत जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता सावकाश आंत घेते व ती आंतल्या अंगास पोहोंचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. कवेलूंच्या सांध्यांतून तापलेली हवा वर निघून जाते. खालीं झुकलेली वळचण भिंतीस ऊन व पाऊस या दोहोंपासून राखते; पावसाळ्यांत येथें जोराची वृष्टि होत असल्यामुळें मातीच्या भिंतीचें आयुष्य वळचणीच्या लांबीवर अवलंबून असतें, ही गोष्ट येथील कोणताही म्हातारा सुतार सांगेल.

साहित्य कोठून येई, हेंही पाहण्यासारखें आहे. कवेलूंची माती बहुधा तलावाच्या गाळाची. या भागांत व शेजारच्या भंडारा भागांत कोहळी लोकांनीं बांधलेले तलाव पुष्कळ आहेत. गोंड राजांनीं तलाव बांधणारास त्याखालची जमीन द्यावी अशी परंपरा सांगितली जाते. गाळ काढल्यानें कुंभाराचें काम होई आणि तलावाची खोलीही राखली जाई. वेळू थंडीच्या दिवसांत, त्यांतही कृष्णपक्षांत तोडावा, म्हणजे त्यास घुणा लागत नाहीं, असा संकेत होता. तोडलेला वेळू कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवीत, म्हणजे किडीस प्रिय असा त्यांतील पिष्टांश निघून जाई. बेटांतील कोंवळे वेळू राखून पक्व तेवढेच घ्यावयाचे, हा नियम पुढें वनखात्यानेंही आपल्या कार्ययोजनांतून घातला. खांबाचें जमिनींत जाणारें टोंक जाळून कोळसावून घेत, म्हणजे वाळवी लवकर लागत नसे.

घर पाडलें तरी वाया फारसें कांहींच जात नसे. खांब व मयाल नव्या घरास लागत, सुटे कवेलू पुन्हां चढत, वेळू चुलींत जाई, आणि भिंतीची माती भिजवून पुन्हां भिंतीस अथवा शेतास मिळे. एकाच खांबावर दोन निरनिराळ्या घरांच्या खाचा दिसाव्यात, हें या भागांत आश्चर्य नव्हे.

(३)

या वर्णनावरून कोणी जुनें तें सर्व सोनें असा निष्कर्ष काढील तर तो सत्यास सोडून होईल. मातीचें घर दरवर्षीं सेवा मागतें. पावसाळ्यापूर्वीं कवेलू फेरावे लागतात. सणापूर्वीं भिंती लिंपाव्या व भुई सारवावी लागते. आणि हें सारवण-लिंपण पिढ्यान्पिढ्या घरच्या बायकांच्याच वांट्यास आलेलें आहे. घराच्या शीतलतेचा हिशेब मांडतांना त्या श्रमांचा हिशेब सोडून चालणार नाहीं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला, तेव्हां नदीकांठच्या गांवांतून मातीचीं घरें बसलीं. पाण्यांत उभी राहण्याची शक्ति मातीच्या भिंतींत नाहीं. वेळू आगीसही लवकर वश होतो. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीस २०२२ सालीं लागलेली आग हें त्याचें प्रत्यंतर होय. कुडास दोन्ही अंगांनीं माती लिंपण्याच्या जुन्या रीतीनें वेळू जसा किडीपासून तसाच आगीपासूनही झांकला जाई, हें यावरून ध्यानांत येईल.

रान जवळ असणें म्हणजेही केवळ सुख नव्हे. वडसा वनविभागाच्या रानांत ऑक्टोबर २०२२ मध्यें अनेक माणसांचा बळी घेतलेला एक वाघ पकडावा लागला. ज्या रानांतून घराचा वेळू आणावयाचा, त्याच रानांत जाण्याची ही किंमत आहे. तेव्हां या घराचा विचार भाबडेपणानें करतां येत नाहीं.

(४)

आतां कागदांकडे वळूं. या मुलखांत राज्यसत्तेनें रानाविषयीं केलेली सर्वांत जुनी आज्ञा नागभीड तालुक्यांतील देवटेक येथील शिलेवर आहे. त्या शिलेवर दोन लेख असून, त्यांपैकीं जुना ब्राह्मी लेख प्राण्यांस पकडणें व मारणें यांचा निषेध करतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्याचा संबंध अशोकाच्या काळाशीं लावला. दुसरा लेख वाकाटक नृपति पहिला रुद्रसेन याच्या वेळचा आहे. पुढें वाकाटकांच्या ताम्रपटांतून अग्रहारांस जीं सूट-वचनें दिलेलीं आढळतात, त्यांत फिरतीवरील अधिकाऱ्यांस आसनाकरितां चर्म, जळणाकरितां कोळसा इत्यादि पुरविण्यांतून मुक्तता असे. सुटीचा उल्लेख येतो, त्या अर्थीं एरव्हीं गांवाकडून अशा वस्तु घेतल्या जात. म्हणजे रानाच्या वस्तूंवर राजाचा हात सोळाशें वर्षांपूर्वींही होता. परंतु गांवकऱ्यानें स्वतःच्या घरासाठीं रानांतून काय घ्यावें, याविषयीं हे लेख मुके आहेत. तो व्यवहार इतका नित्याचा होता, कीं तो कोरून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

गरज वाटली ती एकोणिसाव्या शतकांत. १७५१ सालीं चांद्याचें गोंड राज्य भोंसल्यांकडे गेलें. १८५४ सालीं भोंसल्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें व चांदा जिल्हा बनला. मेजर ल्यूसी स्मिथ याचा बंदोबस्ताचा अहवाल १८६९ सालचा आहे. मध्यप्रांतांतील या बंदोबस्तांनीं गांवचा वसूल भरणाऱ्या मालगुजारास जमिनीचा मालक ठरविलें, आणि गांवच्या हद्दींतील रानही पुष्कळ ठिकाणीं त्याच्या मालकींत गेलें. उरलेलें मोठें रान सरकारी झालें. पूर्वेकडे पळसगड, गेवर्धा व दक्षिणेकडे अहेरी अशा जमीनदाऱ्या होत्याच. मग प्रश्न उत्पन्न झाला : रान मालगुजाराचें, तर रयतेच्या खांबाचें काय?

या प्रश्नाचें उत्तर म्हणजे ‘निस्तार’. निस्तार म्हणजे घर, शेत व चूल यांच्या गरजेपुरतें लांकूड, वेळू, गवत, कांटे, माती इत्यादि रानांतून घेण्याचा गांवकऱ्यांचा हक्क. विक्रीसाठीं नव्हे, वापरासाठीं. या हक्काची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या नांवाच्या गांवपत्रांत होऊं लागली. गांवच्या चालीरीति, पाण्याचा व वाटांचा वापर, गुरचरण, आणि कोणतें लांकूड कोणीं कसें घ्यावें, हें सर्व त्यांत यावयाचें. सागासारखें इमारती लांकूड मालकाच्या परवानगीवांचून नाहीं, पण जळाऊ लांकूड, कांटे व वेळू गरजेपुरते मोकळे, अशा तऱ्हेचे भेद गांवोगांव निरनिराळे असत. सरकारी रानांत १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानें आंखलीं गेलीं, आणि तेथें निस्तार हा हक्क न राहतां दर देऊन मिळणारी सवलत झाली. हक्क व सवलत यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको : हक्क वारशानें येतो, सवलत परवान्याबरोबर संपते.

मालगुजारी व जमीनदारी १९५० च्या कायद्यानें, ३१ मार्च १९५१ पासून, नष्ट झाली आणि त्यांचीं रानें सरकारकडे आलीं. त्यानंतर १९५४ च्या मध्यप्रदेश महसूल संहितेखालीं निस्तारपत्रकें तयार होऊं लागलीं. हा भाग १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १६१ मध्यें निस्तारपत्रक व कलम १६५ मध्यें वाजिब-उल-अर्ज हीं दोन्ही राहिलीं. पुण्या-साताऱ्याच्या संशोधकास हे शब्द परके वाटतील. वैनगंगाकांठीं मात्र ते घराच्या पायाइतके जुने आहेत.

(५)

या कागदांवरून आमचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. वडशाकडील जुनें घर रानास सोसवत होतें, याचें कारण तें वेळूचें होतें एवढेंच नाहीं. वेळू घेणाराला पुढील वर्षींही त्याच बेटाकडे जावयाचें होतें, हें होय. ज्या बेटांतून घराचा कूड आला, तें बेट मेल्यास घराची दुरुस्ती खुंटणार. हक्क, गरज व राखण हीं तिन्हीं एकाच माणसाच्या ठायीं होतीं.

हें तिन्हींचें साहचर्य तुटलें कीं तोच वेळू रानाचा शत्रु होतो. १९४५ सालीं बल्लारपूर येथें कागदाच्या गिरणीची कंपनी स्थापन झाली, आणि चांद्याच्या रानांतील वेळू लगद्यासाठीं जाऊं लागला. वस्तु तीच, रान तेंच. पण घेणाराचें घर त्या रानाच्या कडेस नव्हतें. कागदाचे संग्राहक म्हणून आपण येथें क्षणभर थांबणें उचित होय : गांवकऱ्याच्या भिंतींतला वेळू आणि कारकुनाच्या टेबलावरचा कागद हीं एकाच बेटाचीं अपत्यें आहेत, आणि विसाव्या शतकांत बहुतकाल कागदाचा दावा भिंतीच्या दाव्यावर वरचढ ठरला.

कायद्याच्या भाषेंतही वेळूची गंमत पाहण्याजोगी आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणें तें गवत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें त्यास ‘वृक्ष’ या व्याख्येंत घातलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें त्यास गौण वनोपजांत स्पष्ट नांवानें गणलें. आणि २०१७ सालीं वनाबाहेर उगवलेला वेळू वृक्षाच्या व्याख्येंतून निघाला. वृक्ष म्हटलें कीं तें सरकारचें, गौण उपज म्हटलें कीं तें ग्रामसभेचें. एका शब्दाच्या व्याख्येवर हजारों घरांची दुरुस्ती अवलंबून होती.

वडशाच्या दक्षिणेस धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें लहानसें गोंड गांव आहे. श्री. देवाजी तोफा प्रभृति गांवकऱ्यांनीं व त्यांचे सहकारी श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांनीं तेथें अभ्यासमंडळें चालवून, सर्वसंमतीनें निर्णय घेण्याची पद्धति घालून, रानाची राखण गांवाकडे घेतली. २००९ सालीं त्या गांवास सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशांत असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गांवांत त्याची गणना होते. २७ एप्रिल २०११ रोजीं तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांच्या उपस्थितींत वेळूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. ही घटना आंदोलनाच्या इतिहासांत सांगितली जाते. पण घराच्या इतिहासांतही तिचें स्थान आहे, कारण तिच्या योगें हक्क, गरज व राखण हीं पुन्हां एका ठिकाणीं आलीं.

(६)

येथें एक आक्षेप अपेक्षित आहे. गांवकऱ्यांस आतां सिमेंटचें घर हवें आहे. त्यांनीं आपल्या कौतुकासाठीं मातींत कां रहावें? आक्षेप न्याय्य आहे. सर्पाची, पुराची व दरवर्षींच्या लिंपणाची दगदग चुकवूं पाहणारास दोष देण्याचा अधिकार पक्क्या घरांत बसून लिहिणारांस नाहीं. परंतु ‘पक्कें’ व ‘कच्चें’ या शब्दांची परीक्षा करण्याचा अधिकार इतिहासकारास आहे. २०११ च्या जनगणनेंत मातीची, वेळूची व कच्च्या विटांची भिंत तात्पुरत्या साहित्यांत, तर हातानें घडविलेले कवेलू कायमच्या साहित्यांत धरले आहेत; त्यामुळें वडशाकडील कवेलूंचें घर अर्धें कायमचें व अर्धें तात्पुरतें ठरतें. पिढ्यान्पिढ्या उभी असलेली भिंत तात्पुरती, असा हा न्याय. प्रधानमंत्री आवास योजनेचें ग्रामीण अंग २०१६ सालीं सुरू झालें, तेव्हां मैदानी भागांत १,२०,००० व दुर्गम भागांत १,३०,००० रुपये साहाय्य ठरलें, आणि कच्च्या घराच्या जागीं पक्कें घर हें तिचें ध्येय असल्यामुळें ठिकठिकाणीं जुनीं घरें उतरूं लागलीं. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेंच ‘पहल’ या नांवानें देशी घरबांधणीच्या नमुन्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आहे, हें खरें. तथापि गांवांत दिसतो तो नमुना बहुधा एकच असतो.

‘जवळचें साहित्य तें चांगलें’ ही कसोटीही एकटी पुरत नाहीं. सिमेंटचे मोठे कारखाने याच जुन्या चांदा जिल्ह्याच्या पश्चिम भागांत, कोरपना-राजुऱ्याकडे आहेत. त्यांचा चुनखडक व दगडी कोळसाही त्याच भागांतला. अंतर मोजलें तर सिमेंट वडशास परकें नाहीं. तरी एक टन सिमेंटास सुमारें दीड टन चुनखडक भाजावा लागतो, आणि जगांतील कर्बवायूच्या उत्सर्जनाचा शेंकडा सात-आठ इतका भाग या उद्योगाकडे जातो. मुख्य भेद निराळाच आहे : चुनखडकाच्या खाणीवर वडशाच्या घरमालकाचा ना हक्क, ना राखण. खाण संपली तरी त्याच्या घरीं कांहीं कळणार नाहीं. बेट मेलें तर त्याला लागलीच कळतें. घर रानाचें मित्र आहे कीं नाहीं, याची कसोटी आम्हांस येथें दिसते.

(७)

शेवटीं संग्राहकांस विनंति. वनहक्क कायद्याप्रमाणें, जे आदिवासी नव्हेत पण परंपरेनें रानावर जगतात, अशा ढिवर, कोहळी, कुंभार, बुरूड इत्यादि कुटुंबांस १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, तेथील वास्तव्य दाखवावें लागतें. म्हणजेच १३ डिसेंबर १९३० च्या आधींचा पुरावा हवा. २००८ च्या नियमांतील १३ व्या नियमानें कोणता पुरावा चालेल तें सांगितलें आहे : गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, हक्कनोंदी, जुन्या संस्थानांचे व मध्यस्थ सत्तांचे कागद, वंशावळ, वृद्धांची लेखी साक्ष, आणि त्याबरोबर विहिरी, दफनभूमि, देवस्थानें व प्रत्यक्ष घरें. सामूहिक हक्कांत तर निस्ताराचें नांवच घातलेलें आहे.

याचा अर्थ असा, कीं आपण ज्यांस जुने कागद म्हणून जमवितों, ते या मुलखांत चालू दाव्याचे दस्तऐवज आहेत. मालगुजाराच्या घरच्या रुमालांतील निस्ताराची एखादी टीप, जळाऊ लांकडाच्या वसुलाची एखादी पावती, तलावाच्या वाटपाचें एखादें पत्र, हीं आमच्या दृष्टीनें तपशिलाचीं साधनें असतील. एखाद्या ढिवराच्या कुटुंबास तीच रानांतील वाट असते. असा कागद चार रुपये देऊन गांवांतून उचलून नेणें म्हणजे त्या घराचा खांब काढून नेणें होय. म्हणून आमची सूचना अशी : मूळ कागद गांवांत ठेवावा, प्रत आपण घ्यावी, प्रतीवर गांव, घर व तारीख लिहावी, आणि एक प्रत ग्रामसभेच्या स्वाधीन करावी.

त्याचप्रमाणें घर उतरविलें जात असल्याचें कळतांच तेथें जावें. माळ्यावरील पेट्या भिजण्यापूर्वीं पहाव्या. घराचा नकाशा काढावा. खांब कोणत्या झाडाचा, कोणत्या रानांतून आणला, आढ्यावर साल किंवा सुताराचें चिन्ह आहे काय, हें टिपावें. घरांतील म्हाताऱ्या माणसांची, विशेषतः लिंपण करणाऱ्या स्त्रियांची, साक्ष त्यांच्याच बोलींत लिहून घ्यावी व त्यावर त्यांची निशाणी घ्यावी. देवटेकची शिला संग्रहालयांत सुरक्षित आहे. तिची आतां चिंता नाहीं. मातीच्या घरास संग्रहालयांत नेतां येत नाहीं, आणि तें उतरल्यावर त्याची साक्ष देण्यास टिपणाखेरीज दुसरें कांहीं उरत नाहीं. वडसा, आरमोरी व कुरखेडा या तीन तालुक्यांतून हें काम प्रथम हातीं घ्यावें असें आम्ही सुचवितों.